विहिरीतली गुलाबी पेंढी

विहीर खोदणाऱ्या माणसाचे सारे लक्ष पाण्याकडे असते. वर येणाऱ्या दगडाकडे तो पाहतो ते किती कठीण लागला आणि किती ट्रॉल्या भरल्या एवढ्यापुरतेच. कृषी खात्याच्या नोकरीत मी राहुरी तालुक्यातल्या कितीतरी विहिरींच्या काठावर उभा राहिलो, पण माझीही नजर तशीच होती. त्यातल्या एका विहिरीची आणि तिच्यापायी घडलेल्या एका प्रवासाची ही हकीगत आहे. हकीगतीत माझी एक चूक आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळेपणी लिहिता येईल.

२०१३ चा उन्हाळा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. आमच्या जिल्ह्यात गावोगाव जनावरांच्या छावण्या होत्या. मुळाकाठच्या एका गावात आमचे एक जुने स्नेही आहेत, सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी दावणीची एक गाभण गाय विकली आणि सहा परसांची विहीर आठ परस करायला घेतली. यारी लावली, मजूर लावले. सातव्या परसाला सुरुंग उडाला आणि धुरळा खाली बसल्यावर पूर्वेच्या अंगाला एक कपार उघडी पडलेली दिसली. बैलगाडीचे चाक आत बसावे एवढी. दुपारचे ऊन थेट आत शिरत होते आणि त्या कपारीच्या साऱ्या भिंतीला गुलाबी दगड डवरलेले होते. फिक्या गुलाबाच्या पाकळीचा रंग, त्यावर मोत्यासारखी झाक. मजूर म्हणाले, "तात्या, हिरे लागले."

मी त्याच दिवशी पाहणीला गेलो होतो. तात्यांनी घमेलेभर दगड माझ्यापुढे ठेवले. "साहेब, तुम्ही शिकलेले. हे काय निघाले सांगा."

मी एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "गारगोटी आहे तात्या. कोण विचारतो हिला? बांधाच्या पौळीत घाला."

बी.एस्सी. ॲग्री माणसाचा शब्द. तात्यांनी तो मानला. काळ्या दगडाबरोबर ते गुलाबी दगडही दोन ट्रॉल्या भरून बांधावर गेले. विहिरीला पाणी लागले तेही त्या वर्षी बेताचेच.

पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडच्या एका विहिरीत तसाच दगड निघाला. तिथे शहरातला एक व्यापारी येऊन पोचला. त्याने दगड कापसात गुंडाळून, खोक्यात भरून नेला आणि रोख पैसे मोजले. त्या पैशात त्या शेतकऱ्याची विहीर तळापासून काठापर्यंत बांधून झाली. मला हे कळले ते दोन वर्षांनी, भलत्याच माणसाकडून. तात्यांनी मात्र कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. मी गेलो की चहा तसाच येई, बाज तशीच टाकली जाई. त्यामुळे तर मला अधिकच लाज वाटे.

आता तात्यांची नात. विहीर खोल केली तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या घमेल्यातला एक दगड तिने उचलून भातुकलीच्या डब्यात ठेवला होता. २०२४ साली ती अकरावी सायन्सला गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो असता तिने तो दगड माझ्यापुढे आणून ठेवला आणि विचारले, "काका, ही गारगोटी नाही ना?"

मी विचारले, "कशावरून म्हणतेस?"

तिने दाढीच्या ब्लेडचा कोपरा दगडाच्या खालच्या अंगाला ओढून दाखवला. दगडावर पांढरा ओरखडा उठला. "गारगोटीवर ब्लेड चालत नाही. उलट गारगोटीच काचेवर ओरखडा काढते. मी दोन्ही करून पाहिले."

एवढी साधी परीक्षा मला अकरा वर्षांपूर्वी सुचली नव्हती. दगडाच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली ठरवून दिल्या, त्या मी परीक्षेसाठी पाठही केल्या होत्या. नख अडीचच्या आसपास, चाकूचे पाते साडेपाच, गारगोटी सात, माणिक नऊ आणि हिरा दहा. तात्यांचा गुलाबी दगड साडेतीन ते चारच्या दरम्यान बसत होता. म्हणजे नखाने चरा पडत नाही, पण चाकूने पडतो. हातात घेतला तर त्याच आकाराच्या काळ्या दगडापेक्षा हलका लागतो. आणि आकार पाहिला तर मधे आवळून बांधलेली, दोन्ही टोकांना फाकलेली गव्हाची पेंढी! शेतकऱ्याच्या पोराने आयुष्यभर पेंढ्या बांधलेल्या, आणि मला ती ओळखू आली नाही.

मग ठरले की जाणत्या ठिकाणी जाऊन पाहायचे. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' याच नावाचे दगडांचे संग्रहालय आहे. नौदलाची नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी महाराष्ट्राच्या खाणींतून आणि विहिरींतून निघालेले दगड जमवून ते उभारले. डिसेंबरात एका रविवारी मी, तात्या आणि त्यांची नात असे तिघे माझ्या गाडीतून निघालो. काकूंनी भाकरी, ठेचा आणि गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. दगड नातीच्या मांडीवर, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला.

राहुरीहून कोल्हार, तिथून लोणी आणि संगमनेर, असा आमचा रस्ता. कोल्हारला प्रवरा ओलांडली. लोणीपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग, त्यामागून सावकाश जावे लागले. संगमनेरनंतर नाशिकच्या हमरस्त्याला लागलो आणि मुलूख बदलला. ऊस मागे राहिला, कांद्याची रोपे लावणाऱ्या बायांच्या ओळी आणि डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या. एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी उभी कापलेली आहे. मी गाडी बाजूला घेतली आणि दोघांना त्या कापलेल्या भिंतीजवळ नेले. जे दाखवायचे होते ते तिथे उघडे पडले होते.

भिंतीत थर दिसतात. खाली भरीव काळा पाषाण, त्यावर छिद्राछिद्रांचा भुसभुशीत थर, ज्याला आपले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. मधेच तांबड्या मातीची पट्टी. तिच्यावर पुन्हा काळा पाषाण. आपला महाराष्ट्र बहुतेक अशाच थरांवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तापलेला रस पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थिजला. आज उरलेला पसाराच जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर भरतो.

तव्यावर आंबोळी टाकली की वरच्या अंगाला जाळी पडते ना, तसेच या रसाचे झाले. रसात कोंडलेला वायू वर यायला धडपडे. वरचा भाग थिजत आला की बुडबुडे तिथेच अडकत आणि पोकळ्या राहत. बहुतेक पोकळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही नारळाएवढ्या, आणि क्वचित एखादी माणूस आत वाकून बसेल एवढी. हाच आपला मांजऱ्या.

पोकळी झाली, पण तिच्यात दगड कसे उगवले? पुढे हजारो-लाखो वर्षे खडकाच्या फटींतून गरम पाणी फिरत राहिले. ते खडकातला चुना, सिलिका, ॲल्युमिनियम विरघळवून घेई आणि पोकळीत थांबले की तिच्या भिंतीवर हळूहळू बसवी. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात आणि त्यावर खडे धरतात, तसाच हा प्रकार. पाक मात्र दगडाचा आणि वेळ भरपूर. लोहाचा किंचित अंश मिसळला म्हणून रंग गुलाबी.

तात्या बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विहिरीत पाणी येते ते याच जागेतून?"

अगदी बरोबर. भरीव काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांतून येते. मांजऱ्या झिजलेला असला तर त्यातून झिरपते. मात्र एक खोच आहे. मांजऱ्याच्या पोकळ्या या दगडांनी गच्च भरलेल्या असल्या तर पाण्याला वाट राहत नाही. म्हणून गुलाबी दगड लागला म्हणजे पाणी लागलेच असे कुणी समजू नये. तात्यांच्या विहिरीचा अनुभव समोर आहे.

सिन्नरला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. संग्रहालयात शिरल्यावर पहिला चटका बसला तो असा की काचेच्या कपाटांत दिवे लावून जे मांडले होते ते आम्ही बांधात गाडले होते. तसाच गुलाबी रंग, तशाच पेंढ्या. एका कपाटात तर गुलाबी पेंढीवर पाण्यासारखे स्वच्छ चौकोनी खडे बसलेले होते. तात्यांनी काचेला नाक लावले. नातीने स्वेटर सोडून आपला दगड बाहेर काढला आणि काचेसमोर धरला. शेजारी उभ्या असलेल्या एका पाहुण्या बाईंनी विचारले, "कुठून घेतलात?" ती म्हणाली, "आमच्या विहिरीतला आहे."

या दगडाचे नाव स्टिल्बाइट. ग्रीक भाषेतल्या चमकणे या अर्थाच्या शब्दावरून ते आले. पण मला त्याचे दुसरे, जर्मन पुस्तकांतले नाव जास्त आवडले. ते नाव डेस्मिन, आणि त्याच्या मुळाशी पेंढी, जुडी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी नाव देणाऱ्यालाही त्यात पेंढीच दिसली. याचा एक भाऊबंद ह्यूलँडाइट, तोही पुष्कळदा गुलाबी किंवा विटकरी. त्याचे खडे पेंढीसारखे नसून चपट्या पेटीसारखे असतात. १८२२ साली त्याला नाव मिळाले ते हेन्री ह्यूलँड या लंडनच्या दगडव्यापाऱ्यावरून. व्यापाऱ्याचे नाव दगडाला लागले. ज्यांनी घण मारून दगड काढले त्यांचे कुणाचे लागले नाही, असो. स्वच्छ चौकोनी खडे ॲपोफायलाइटचे. तो रंगहीन किंवा हिरवट असतो, क्वचित गुलाबीही निघतो.

ही सारी मंडळी ज्या कुळातली आहेत त्याला झिओलाइट म्हणतात (ॲपोफायलाइट तेवढा शास्त्राप्रमाणे कुळाबाहेरचा, पण राहतो त्यांच्याच घरात). या कुळनावाची गोष्ट आमच्या काकूंना फार आवडली, म्हणून इथेही सांगतो. १७५६ साली, म्हणजे इकडे नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता त्या काळात, स्वीडन देशात क्रोनस्टेट नावाचे एक खनिजशास्त्रज्ञ होते. त्यांचे हत्यार म्हणजे फुंकणी. आपण चूल फुंकतो तशीच, पण बारीक. ज्योतीवर फुंकर मारून ते तापट झोत दगडावर सोडीत. असा झोत एका दगडावर सोडला तर तो दुधासारखा उतू आला, फसफसून फुगला. म्हणून त्यांनी नाव ठेवले झिओलाइट, उकळणारा दगड. त्यांच्या हातातला तो दगड स्टिल्बाइटच्याच जातीचा असावा, असे जाणकार मानतात.

कारण या दगडाच्या अंगात पाणी असते. मधाच्या पोळ्यासारखी, पण डोळ्याला कधीच दिसणार नाहीत इतकी बारीक भोके त्याच्या आतल्या रचनेत असतात आणि त्यांत पाणी बसलेले असते. तापवले की ते निघून जाते. घरी आल्यावर मी एक फुटका तुकडा चिमट्यात धरून गॅसवर तापवून पाहिला. गुलाबी रंग जाऊन तो पांढरा पडला आणि पापुद्रे सुटले. मुलांनी हा प्रयोग करू नये, कपच्या डोळ्यात उडतात.

आपल्याकडचे हे दगड जगाला कधी कळले? १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटातून मुंबई-पुणे रेल्वेची वाट फोडण्याचे काम चालले. डोंगर कापताना कपारी उघड्या पडल्या आणि त्यांतले दगड इंग्लंडच्या संग्रहालयांत जाऊन बसले. घाट फोडताना मजूर हजारोंनी मेले, पटकीने आणि अपघातांनी. पुढे नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणी, जळगावच्या आसपासच्या खाणी, पुण्याजवळचे वाघोली ही नावे दगड जमवणाऱ्यांच्या तोंडी बसली. वाघोलीचा मोरपंखी निळा कॅव्हनसाइट तर एवढा सुंदर आहे की तो जिथे १९६७ साली पहिल्यांदा सापडला त्या अमेरिकेतल्या जागेपेक्षा वाघोलीचेच नाव अधिक झाले. आणि आमच्या राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरीतले नमुने परदेशातल्या संग्राहकांना ठाऊक आहेत! माझे कृषी महाविद्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. मृदाशास्त्राच्या तासाला झिओलाइट हा शब्द मी वहीत लिहून घेतला होता. तो शेजारच्या विहिरीत असतो हे ना कुणी दाखवले, ना मी पाहायला गेलो.

आता भगिनी विचारतील, एवढा सुंदर गुलाबी खडा, तर अंगठीत का बसवू नये? बसवता येतो, टिकत नाही. ओढ्यापलीकडच्या त्या घरातल्या सूनबाईंनी हौसेने एक पेंढी कापवून घेऊन लॉकेट केले होते. वर्षात त्याची झाक गेली आणि एक दिवस उभा चिरला. कारण आपल्या अंगणातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, कठीणपणा सात. चारच्या दगडावर सातची धूळ रोज घासली तर दुसरे काय होणार? शिवाय या दगडाला चीर जाण्याची ठरलेली दिशा असते, धक्का बसला की तो त्या दिशेने फुटतो. खरी दागिन्याची गुलाबी रत्ने वेगळी. गुलाबी नीलम आणि माणिक एकाच कुळातले, कठीणपणा नऊ. गुलाबी पुष्कराज आठ. तुरमुली सातच्या वर. गुलाबी स्फटिक सात, तो म्हणजे रंगीत गारगोटीच. स्टिल्बाइटला रत्न म्हणून कुणी विकायला आणला तर हात जोडावेत. त्याची किंमत आहे ती आख्ख्या, न दुखावलेल्या, मूळ खडकावर बसलेल्या नमुन्याची. पेंढीचे टोक तुटले की गिऱ्हाईक तोंड फिरवते.

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही झाडाखाली भाकरी सोडली. तात्यांनी मला विचारले, "साहेब, याचा शेतीला काही उपयोग?" मला या प्रश्नाची वाटच होती, कारण इथे तरी मला काही सांगता येण्यासारखे होते.

झिओलाइटच्या त्या बारीक भोकांत पाण्याबरोबर कॅल्शियम, सोडियम, पोटॅश यांचे कण सैल बसलेले असतात. दुसरा कण आला की ते जागा बदलतात. कारखान्यात तयार केलेला झिओलाइट या गुणामुळे जड पाणी हलके करायला वापरतात, अनेक देशांत तो धुण्याच्या पावडरीत असतो, खनिज तेलापासून पेट्रोल करताना लागतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठिकठिकाणच्या रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रे बसली. त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटचेच दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. हे ऐकून तात्या एकदम गप्प झाले. त्यांच्या धाकट्या भावाला तेव्हा सात दिवस ऑक्सिजनवर ठेवले होते आणि तो घरी परत आला होता.

शेतीचे म्हणाल तर अमोनिया धरून ठेवणारा झिओलाइट मत्स्यतळ्यांत आणि काही देशांत खताबरोबर वापरतात. आपल्याकडेही त्याच्या पिशव्या दुकानांत दिसतात. तो प्रकार वेगळा, राखेच्या जाड थरांतून खणून काढलेला. माझे मत विचाराल तर ती पिशवी घेण्याआधी माती तपासून घ्या, आणि एकरी चार गाड्या चांगले कुजलेले शेणखत पडते आहे का ते बघा. ते पडत नसेल तर पिशवीचा विचार नंतर. गुलाबी पेंढ्या कुटून शेतात टाकण्याचा वेडेपणा तर कुणी करूच नये.

मुख्य म्हणजे निसर्गाने तो आपल्या जमिनीत आधीच मिसळलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एवढा पाऊस कोसळतो की मातीतला चुना वाहून जाऊन ती पार आंबट आणि निकस व्हायला हवी होती. पण तिथल्या काही लाल जमिनी तग धरून आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात याचा माग काढला. खडकातला झिओलाइट, मुख्यतः ह्यूलँडाइट, झिजत झिजत मातीला कॅल्शियम पुरवत राहतो, म्हणून त्या जमिनी टिकल्या. आपल्या काळ्या जमिनींतही त्यांना असेच दिसले. सोडियम वाढला की काळी माती मेणासारखी होते, पाणी वरच तुंबते, हे आपण चोपण जमिनीत पाहतो. पण ज्या काळ्या जमिनींत हा चुनेदार झिओलाइट आहे, तिथे सोडियम असूनही पाणी जिरते आणि पीक उभे राहते.

"म्हणजे दागिना करण्यापेक्षा जमिनीतच बरा," तात्या म्हणाले. मग हसून, "पण एक ट्रॉली विकायला हरकत नव्हती."

हा पहिला आणि शेवटचा टोमणा. मला बरे वाटले.

ज्यांच्या विहिरीत पुढेमागे अशी कपार लागेल त्यांच्यासाठी चार गोष्टी, ज्या मी तात्यांना सांगायला हव्या होत्या. पहिली आणि मोठी ही की दगडाच्या लोभाने कपारीत आडवे खणत जाऊ नका. मांजऱ्या ठिसूळ असतो, वरचा थर बसला तर माणूस निघत नाही. सुरुंगानंतर तर लगेच आत वाकूही नये. दुसरे, जमिनीखालच्या खनिजावरचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे सर्वसाधारणपणे शासनाचा असतो. म्हणून दगड हलवण्याआधी, विकण्याआधी तहसील कचेरीत विचारून घ्या. दगड काढताना पहारीने पेंढीवर घाव न घालता मागचा काळा खडक धरून सबंध तुकडा सोडवावा. ॲसिडने धुऊ नये, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने धुवावा, कापसात किंवा साळीच्या भुशात ठेवावा. आणि व्यापारी दारात आला तर पहिल्या दिवशी सौदा करू नये. दोन ठिकाणी दाखवावा. जनावर विकताना आपण तेवढे करतोच.

परतताना नातीच्या हट्टाने गोंदेश्वराला गेलो. सिन्नर हे यादवांचे जुने ठाणे. मोठे देऊळ मधे आणि चार लहान देवळे चार कोपऱ्यांना, सारे दगडी. पायरीवर बसल्या बसल्या नात खांबांच्या दगडावर बोट फिरवत होती. तिला एका ठिकाणी हरभऱ्याएवढी पांढरी टिकली सापडली. "काका, हे पण तेच का?" मी वाकून पाहिले. तेच असावे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या छिन्नीखाली तो बुडबुडा सापडला असेल आणि त्याने त्याला चुकवले नसेल. ब्लेड काढून तपासायचा मात्र मी तिला मज्जाव केला.

घरी पोचायला रात्र झाली. जेवणे झाल्यावर नात बॅटरी घेऊन उठली, बांधावर जाऊन पाहू म्हणाली. थंडी मी म्हणत होती, तरी आम्ही तिघे गेलो. अकरा वर्षांत पौळीवर घाणेरी आणि बोरी माजल्या होत्या. नात खालून एकेक दगड उजळत चालली. बराच वेळ काळ्यामागून काळा दगड. मग ओढ्याकडच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, उजेडात काहीतरी चमकले. परातीएवढा तुकडा, तोंड आतल्या बाजूला, कडेने गुलाबी दिसत होता. पेंढ्यांची टोके वरच्या धोंड्याखाली चेपलेली, पण आत हात घातला तर बोटांना गुळगुळीत, धारदार कडा लागत होत्या. तिथे अजून चांगला भाग शिल्लक असावा.

मी धोंड्याला हात घातला. तात्यांनी माझे मनगट धरले.

"राहू द्या साहेब. हा काढला तर सगळी पौळ ढासळेल, आणि पावसाळ्यात ओढा शेतात येईल." त्यांनी बॅटरी नातीकडून घेतली आणि विहिरीच्या वाटेवर धरली. "चला. दहाला लाईट येते. कांद्याला पाणी द्यायचे आहे."